सिलेंडरच्या हिशोबात स्नोमोबाईल: हलकी फोर-स्ट्रोक म्हणजे नक्की किती हलकी?

ठाण्यात बर्फ बघायचा म्हणजे तलावपाळीला गोळेवाल्याकडे जायचं, त्यामुळे स्नोमोबाईलवर मी कशाला लिहितोय असं वाटलं तर बरोबरच आहे. पण झालं असं की फेब्रुवारीत सोसायटीतली आम्ही चार कुटुंबं गुलमर्गला गेलो, तिथे ती स्नो स्कूटर चालवली म्हणजे खरं तर मागे बसलो, चालवणारा तिथलाच पोरगा होता, आणि पहिल्याच झटक्याला धुराचा वास आला ना, डोळे मिटले असते तर मी १९९४ सालात नौपाड्यात उभा होतो. आरएक्स १०० चा वास. टू-स्ट्रोक, शंभर टक्के. घरी आल्यावर मी तो व्हिडिओ मिनेसोटातल्या मामेभावाला पाठवला, त्याने उलट मलाच विचारलं की दादा, शेजारी त्याची २००७ ची यामाहा फेझर विकतोय, हलकी फोर-स्ट्रोक म्हणतो, घेऊ का, कारण इथे पाच जणांना विचारलं तर सात मतं मिळतात.

(आधीच सांगतो, ही आपल्याकडची फेझर बाईक नव्हे. नावं जवळजवळ सारखी, स्पेलिंग वेगळं.)

मग मी महिनाभर ह्यात घुसलो. आणि एक गोष्ट कळली, लोक भांडतात इंजिनावरून पण खरं भांडण असतं किलोंचं, म्हणजे किती किलो हे तर आहेच पण ते किलो गाडीत कुठे बसलेत आणि खाली बर्फ कसला आहे. हे तीन एकत्र बघितले की सातच्या सात मतं खरी वाटायला लागतात.

पहिल्यापासून सांगतो. स्नोमोबाईल म्हणजे पुढे दोन स्की, मागे रबराचा एक रुंद पट्टा जो फिरतो, रणगाड्यासारखा, त्याला ट्रॅक म्हणतात. हँडल फिरवलं की स्की वळतात, अंगठ्याने थ्रॉटल दाबला की ट्रॅक फिरतो. गिअर नाहीत. इंजिनाची ताकद ट्रॅकपर्यंत कशी जाते तर तुमच्या ॲक्टिव्हासारखी, खरंच, तीच आयडिया. दोन पुल्या आणि मध्ये बेल्ट, वेग वाढला की पुढच्या पुलीतली वजनं गोफणीसारखी बाहेर फेकली जातात, पुली मिटत जाते, बेल्ट वर चढतो आणि गाडी आपोआप ‘वरच्या गिअरला’ जाते. चरईतल्या आमच्या मेस्त्रींना फोटो दाखवला तर पाच सेकंदात म्हणाले, ‘हे तर व्हेरिएटर आहे ओ, फक्त ताटाएवढं’. बरोबर. आणि आपण बेल्ट तुटला की ॲक्टिव्हा ढकलत गॅरेजला नेतो, तिकडे जंगलात उणे वीसमध्ये ढकलणार कुठे, म्हणून बॉनेटखाली एक स्पेअर बेल्ट ठेवायचाच असतो.

बर्फात ती बुडत का नाही? पावसाळ्यात बिल्डिंगच्या साईटवर चिखलात फळी टाकतात आणि त्यावरून चालतात, तेच. ऐरोलीला खाडीच्या गाळात पाय टाका, गुडघ्यापर्यंत जाल, कारण ७५ किलो एका तळव्यावर येतात. ढोबळ हिशोब केला तर चालताना एका पायाखाली चौरस सेंटीमीटरला साधारण ३५०-४०० ग्रॅम येतात. गाडी, पेट्रोल, माणूस मिळून साडेतीनशे किलो धरले तरी ते ट्रॅक आणि दोन स्कींवर पसरले की चौरस सेंटीमीटरला ५० ग्रॅमच्या आसपास येतं. म्हणून साडेतीनशे किलोचं धूड वर राहतं आणि तुम्ही उतरलात की कमरेपर्यंत आत. गुलमर्गला माझं हेच झालं, फोटो आहे, दाखवणार नाही.

आता इंजिन. इथे लोकांना ठाणे स्टेशन सांगितलं की पटकन कळतं म्हणून तेच सांगतो.

टू-स्ट्रोक म्हणजे सकाळी ८:१० ची लोकल. उतरणारे आणि चढणारे एकाच वेळी, एकाच दारातून. जळून झालेला धूर बाहेर पडतोय तोपर्यंतच ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घुसतंय, आणि ह्या धक्काबुक्कीत नुकतंच चढलेलं ताजं मिश्रणही उतरणाऱ्यांबरोबर बाहेर ढकललं जातं, न जळताच. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये हा हिस्सा २५ ते ३० टक्क्यांपर्यंत असायचा. म्हणजे चार लिटर टाकलं तर एक लिटर सायलेन्सरमधून फुकट. पण फायदा हा की गाडी प्लॅटफॉर्मवर फार थांबत नाही, क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, प्रत्येक फेरीला एक स्फोट. आणि तो फुगीर सायलेन्सर असतो ना, ज्याला पोरं एक्स्पान्शन चेंबर म्हणतात, तो फक्त आवाजासाठी नसतो, त्याच्या आकारामुळे दाबाची लाट परत फिरते आणि बाहेर ढकललेल्याला पुन्हा डब्यात कोंबते, फलाटावरचे भले लोक मागून रेटतात तसं. मात्र ही लाट ठराविक आरपीएमलाच वेळेवर पोचते. म्हणून आरएक्स एका ठिकाणापर्यंत गप्प असायची आणि मग एकदम सुटायची.

फोर-स्ट्रोक म्हणजे मेट्रो. आधी उतरू द्या, मग चढा, मग दार बंद, मग निघा. घेणं, दाबणं, पेटणं, सोडणं, चार कामं वेगवेगळी, त्याला क्रँकच्या दोन फेऱ्या लागतात. शिस्त आहे त्यामुळे पेट्रोल वाया जात नाही, धूर नाही, ऑईल वेगळं राहतं, जळत नाही. पण शिस्त ठेवायला माणसं लागतात, इंजिनात ती म्हणजे व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन, ऑईल पंप, खाली ऑईलचा साठा. ही सगळी जास्तीची वजनं. त्यात स्फोट निम्मे, म्हणजे तेवढीच ताकद हवी तर एकतर इंजिन मोठं करा नाहीतर जोरात फिरवा. मोठं केलं की अजून वजन. बस, सगळी कटकट इथून सुरू होते.

वजनाला मी एक देशी माप लावतो. घरचा भरलेला गॅस सिलेंडर, १४.२ किलो गॅस आणि लोखंडाचे पंधरा-सोळा, म्हणजे ३० किलो. डोंगरातल्या आजच्या टू-स्ट्रोक गाड्या कोरड्या दोनशे किलोच्या आसपास असतात. मोठ्या फोर-स्ट्रोक टुरिंग गाड्या अडीचशेच्या वर जातात. फरक पावणेदोन सिलेंडर, कधी दोन. आता हा सिलेंडर तुमच्या ॲक्टिव्हाच्या पुढे पायाशी ठेवून गोखले रोडवरून आणलाय का कधी? मी आणलाय. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. वळताना कळतं. आणि खड्ड्यात गेलात तर जन्मभर लक्षात राहतं. स्नोमोबाईलमध्ये इंजिन पुढेच असतं, स्कींच्या वर, त्यामुळे फोर-स्ट्रोकचा जास्तीचा भार बराचसा बरोबर पायाशीच येतो. हँडल वळवलं तरी गाडी सरळच जायला बघते, तिकडचे लोक ह्याला पुश करते म्हणतात, दिवसाच्या शेवटी खांदे भरून येतात.

आणि कोरडं वजन हा शब्द नीट ऐका. ब्रोशरवर जे किलो असतात ते पेट्रोल, ऑईल, कूलंट काहीच न भरता. ३५-४० लिटर पेट्रोल टाकलं की झाला एक सिलेंडर वर. शिवाय कानटोपी, हेल्मेट, जाड बूट घातलेला तुमचा देह. म्हणून मामेभावाला म्हटलं, ब्रोशरवरचा आकडा म्हणजे लग्नाच्या बायोडेटातली उंची समज.

मग कंपन्यांनी फोर-स्ट्रोक करायला घेतल्याच का? सगळं नीट चाललं होतं की. १९५९ ला कॅनडात क्युबेकमधल्या वाल्कूरला बॉम्बार्डियरने स्की-डू ही स्नोमोबाईल काढली, आणि पुढे हा धंदा टू-स्ट्रोकवरच वाढला, हलकं, स्वस्त, थंडीत दोरी ओढून चालू होणारं. पण अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये हिवाळ्यात इतक्या गाड्या जायला लागल्या की पश्चिमेच्या गेटवरचे कर्मचारी धुरापासून वाचायला तोंडावर श्वसनाचे मास्क लावून तिकिटं फाडत होते, २००० च्या आसपासची गोष्ट. मग तिथे फक्त कमी धुराच्या, कमी आवाजाच्या गाड्यांनाच सोडायचं असे नियम आले, २००२ ला अमेरिकन सरकारने स्नोमोबाईलच्या धुरावर देशभर मर्यादा ठरवल्या. आपल्याकडे २००० नंतर टू-स्ट्रोक बाईकचं जे झालं तेच, थोड्या वेगळ्या वाटेने.

यामाहाने २००३ च्या मॉडेलला आरएक्स-१ काढली. नाव आरएक्स आणि इंजिन फोर-स्ट्रोक! नौपाड्यातल्या आमच्या जुन्या गँगला हे सांगितलं तर एक जण खरोखर दुखावला. आर-वन मोटरसायकलवरून घेतलेलं ९९८ सीसी, चार सिलेंडरचं (हे इंजिनवाले, गॅसवाले नव्हे), ताकद १४० एचपीच्या आसपास. लोक म्हणाले फोर-स्ट्रोक एवढी पळते? पण वजन होतंच. मग २००६ ला यामाहाने उलटा विचार केला, ताकद कमी चालेल पण गाडी हलकी करू, आणि २००७ मॉडेल म्हणून ही फेझर आणली.

इथे मी थोडा रमणार आहे, माफ करा, कारण हे इंजिन मजेशीर आहे. यामाहाची वायझेड-२५०एफ म्हणून मातीत उड्या मारायची रेसिंग बाईक आहे, २५० सीसी फोर-स्ट्रोक. फेझरच्या इंजिनाचे दोन सिलेंडर म्हणजे त्याच मापाच्या दोन बाईक शेजारी शेजारी जोडल्यासारखं, ४९९ सीसी, ८० एचपी. आता गणित बघा. आपली जुनी स्प्लेंडर ९७ सीसीला साडेसात एचपीच्या आसपास द्यायची. त्या हिशोबाने ५०० सीसीला ३८-४० एचपी व्हायला हवेत. आरएक्स १०० ने ९८ सीसीला ११ दिले, टू-स्ट्रोक असून, तो हिशोब लावला तरी ५६. मग ८० आले कुठून? फिरवून. हे इंजिन ११ हजार आरपीएमच्या वर जातं. टू-स्ट्रोक स्नोमोबाईल आठ हजाराला फिरत असेल तर एका सिलेंडरमध्ये मिनिटाला आठ हजार स्फोट, फेझर ११ हजाराला फिरूनही साडेपाच हजारच. म्हणून ती सतत किंचाळत असते. ज्यांना शांत फोर-स्ट्रोक हवी होती त्यांना ते किंचाळणं खटकलं, आणि ज्यांना बाईकची नशा होती ते म्हणाले ह्यातच तर मजा आहे. एकाच आवाजाबद्दल.

ट्रॅकसुद्धा १४ इंच रुंद, एरवी १५ असतो. एका इंचाने काय होतं, असं वाटेल. फिरणारं वजन कमी होतं, आणि फिरणारं वजन हे नुसत्या वजनापेक्षा जास्त छळतं, कारण ते पुढेही न्यायचं आणि गरगर फिरवायचंही. सायकलच्या कॅरिअरला एक किलोची पिशवी लावा आणि मग टायर-रिम मिळून एक किलो वाढवा, पॅडल मारताना फरक कळेल. पण तोच एक इंच भुसभुशीत बर्फात तुमची फळी अरुंद करतो. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं.

आता ती सात मतं.

मिनेसोटा म्हणजे सपाट. तिथे ३५ हजार किलोमीटरच्या आसपास स्नोमोबाईलचे मार्ग आहेत, स्थानिक क्लबची माणसं मशीन फिरवून ते दाबून गुळगुळीत ठेवतात. अशा कडक दाबलेल्या रस्त्यावर बुडण्याचा प्रश्नच नाही, पावणेदोन सिलेंडर जास्त असले तरी कुणाच्या बापाला कळत नाही, आणि मग फोर-स्ट्रोकचे सगळे गुण वर येतात, ॲव्हरेज चांगलं, टू-स्ट्रोक ऑईलचे डबे घेऊन फिरणं नाही, संध्याकाळी बायको म्हणत नाही की कपड्यांना वास येतोय. सकाळी सेल्फ मारला की चालू, साठीच्या काकांना दोरी ओढत बसायला नको. ही मंडळी फेझरवर खूश. फक्त ज्यांना गोठलेल्या तलावावर सरळ रेषेत सुसाट जायचंय ते म्हणतात ८० एचपीत काय होतंय, आणि तेही बरोबर, तिथे वजन नाही, निव्वळ एचपी बोलते.

डोंगरातला माणूस मात्र वैतागतो. त्याला छातीएवढ्या ताज्या बर्फात गाडी आडवी पाडून एका स्कीवर वळवायची असते, अंगाने गाडी उचलत. तिथे एकेक किलो मोजला जातो. त्यात उंची. साधा नियम असा की दर हजार फुटाला हवा विरळ होऊन साध्या इंजिनाची तीन टक्के ताकद जाते. गुलमर्ग २६५० मीटर, म्हणजे ८७०० फूट, पाव ताकद गायब, ८० चे ६० राहिले. आणि गोंडोल्याच्या वरच्या टप्प्याला, अफरवाटकडे, अजून कमी. टू-स्ट्रोकचीही टक्केवारी तेवढीच जाते पण तिच्या १६५ एचपीतले पाव गेले तरी १२० च्या वर उरतात. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, लावला की हा प्रश्न सुटतो, फोर-स्ट्रोकला टर्बो छान मानवतो, पण टर्बो आला की वजन आलं, परत सिलेंडर पायाशी.

अजून एक गोष्ट लोक मताच्या नावाखाली सांगतात पण ती निव्वळ सवय आहे, इंजिन ब्रेकिंग. टू-स्ट्रोकचा थ्रॉटल सोडला की ती तरंगत पुढे जाते, फोर-स्ट्रोक मागून कुणीतरी धरल्यासारखी मंदावते. आयुष्यभर टू-स्ट्रोक चालवलेला माणूस पहिल्यांदा बसला की वळणाआधी जरा लवकर थ्रॉटल सोडतो आणि वळणाच्या आधीच थांबायला येतो, आणि म्हणतो गाडीत दम नाही. माझ्या वडिलांनी चेतक सोडून पहिल्यांदा फोर-स्ट्रोक बाईक घेतली तेव्हा हेच म्हणाले होते. आठवड्यात गप्प झाले.

मधल्या काळात टू-स्ट्रोकवालेही गप्प बसले नाहीत. २००९ च्या मॉडेलला स्की-डूने ई-टेक इंजिन आणलं, त्यात पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारतात आणि तेही बाहेरचं दार बंद होत आलं की. म्हणजे लोकलमध्ये आधी नुसती हवा चढते, पॅसेंजर खिडकीतून नंतर. ढकलून बाहेर जायला कुणी उरतच नाही. धूर कमी, ॲव्हरेज वाढलं, वजन तेवढंच. तिकडे त्यांनीच ६०० एस, ९०० एस अशी छोटी फोर-स्ट्रोकही काढली, ६० आणि ९० एचपीची, फेझरसारखी न किंचाळता, कमी आरपीएमवर आरामात चालणारी. आज कुणी नवीन हलकी फोर-स्ट्रोक घेतो म्हटलं तर बहुतेक ह्याच जातीची घेतो, आणि माझं मत विचाराल तर मैदानी भागात रोज फिरणाऱ्याला, पोराबाळांना मागे बसवणाऱ्याला हीच बरी. फेझर ही मनाची गाडी आहे, संसाराची नाही.

त्यात यामाहाने २०२३ मध्ये जाहीर केलं की स्नोमोबाईलच बंद करतोय, अमेरिकेत २०२५ चं मॉडेल शेवटचं. म्हणजे भाऊ जी गाडी बघतोय ती दोनदा जुनी, मॉडेलही गेलं आणि दुकानही आवरलं. पार्टचं टेन्शन आहेच, पण आरएक्स १०० बंद होऊन तीस वर्षं होत आली तरी पिस्टन-रिंग मिळतातच ना इकडे, वेडे लोक शिल्लक असले की पार्ट येतात कुठून तरी.

तर काल रात्री त्याचा फोन आला, उद्या बघायला जातोय, काय काय बघू. मी म्हटलं बेल्ट काढून बघ, कडा झिजल्यात का. ऑईल कुठलं टाकतो विचार, झिरो डब्ल्यू थर्टी म्हणाला तर माणूस बरा, उणे पंचवीसला जाड ऑईल म्हणजे काकवी. मागचा बंपर धरून एकट्याने गाडी उचलून बाजूला सरकवता येते का बघ, कारण अडकलास तर हेच करायचंय, तेव्हा शेजारी येणार नाही. थ्रॉटल सोडून बघ. आणि सगळ्यात आधी, जुनी गाडी घेताना नौपाड्यात आपण जे करायचो ते, शेजाऱ्याशी गप्पा मारत मारत, चावी मागायच्या आधी, हातमोजा काढून बॉनेटच्या आत इंजिनावर हात ठेव. कोमट लागलं तर त्याने तुझ्या आधी अर्धा तास चालू करून ठेवलीय. मग म्हणायचं, उद्या परत येतो, सकाळी लवकर, न सांगता.